घरी सांभाळायला कोणी आहे का?

अंबरनाथ,
६ जानेवारी २०२५

प्रिय किर्ती,

आशीर्वाद. चार वर्षांनीच का होईना, मोठी आहे मी, तेव्हा मुकाट्याने घे.

हे पाकीट रामभाऊंच्या थैलीतून येतंय. ते रोज आमच्या या मुख्य ऑफिसातून उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या तुमच्या ऑफिसात कागद नेतात आणि राहतात तुझ्याच वांगणीत. फोन का करत नाही म्हणशील, तर साहेबांनी बजावलंय, यादी लागेपर्यंत कुणाही कर्मचाऱ्याशी फोनवर बोलायचं नाही, मेसेज करायचा नाही. पत्राचं ते काही बोलले नाहीत. आणि आपण मावसबहिणी आहोत हे ऑफिसात कुणाला ठाऊक नाही, ते तसंच राहू दे.

बातमी अशी, की तुमच्या ऑफिसचा मजला जागामालक सिंधी शेठने विकला. खालच्या जीन्सवाल्याने घेतला म्हणे. 'साईं, मार्चपर्यंत बसा, मग त्याला माल भरायचाय,' असं शेठ साहेबांना म्हणाला. एक एप्रिलपासून तुम्हा बत्तीस जणांना नवी मुंबईत, महाप्याच्या नव्या ऑफिसात जावं लागेल. वांगणीहून अडीच तास जायला, अडीच तास यायला, मध्ये नऊ तासांची ड्युटी. बारा जणांना मात्र घरून काम मिळणार आहे. लॅपटॉप कंपनीचा, हेडफोन कंपनीचा, फोनवरच्या तक्रारी त्याच. कुणाचा मिक्सर जळला, कुणाचा पंखा कुरकुरतो.

ते बारा जण निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. साहेब म्हणजे यज्ञेश सर, पुण्याहून आलेत, वयाने माझ्यापेक्षा लहान, हातात सतत तो चार पानांचा इंग्रजी फॉर्म. मी म्हटलं, सर, हे वाचून आमची माणसं अर्ज न करताच महाप्याला निघून जातील. मग एका दुपारी बसून मी त्याचं मराठी केलं. चार पानांचं एक पान. सर म्हणाले, 'माधवी मॅडम, एकदम शॉर्ट अँड क्लिअर!' दिवसभर मी फुगून बसले होते, खोटं कशाला बोलू.

फॉर्म सोबत आहे. नेट कसं आहे, वीज किती वेळ जाते, बसायला कोपरा आहे का, त्याचा फोटो, आजूबाजूला आवाज किती, घरी सांभाळायला कोणी आहे का. दोन शब्दांत उत्तरं द्यायची. खरं लिही. तुझे उशिराचे शेरे मी पाहिलेत, सहा महिन्यांत अकरा! शेअर रिक्षा मिळत नाही असं मला सांगू नकोस, मी उल्हासनगरात वाढले आहे. आणि वशिला मागू नकोस. मागितलास तरी देणार नाही.

सुजितरावांना नमस्कार सांग.

तुझी,
माधवीताई


वांगणी,
९ जानेवारी

माधवीताई,

आशीर्वाद घेतला. तुलाही नमस्कार.

फॉर्म भरून साहेबांच्या नावाने वेगळ्या पाकिटात घातला आहे. हे पत्र फक्त तुला.

मला घरून काम पाहिजे ताई. वशिला मागू नकोस म्हणालीस म्हणून मागत नाही, पण पाहिजे. महाप्याला मला जाता येणार नाही. अवघड पडेल असं म्हणत नाहीये मी, जाताच येणार नाही. सकाळी सहाला घर सोडायचं आणि रात्री नऊला परत यायचं, असं मी केलं तर काय होईल ते मला लिहवत नाही. नोकरीच सोडावी लागेल, आणि आमच्या घरात आता पगार एकच आहे.

तुझे प्रश्न सोपे होते. नेट खिडकीपाशी चांगलं येतं. वीज शुक्रवारी दुपारी जाते, ते लिहिलं. कोपऱ्याचा फोटो काढताना मागे पडदा लावला, नवा आहे, नणंदेने दिला, पायलने. आवाजापुढे 'कमी' लिहिलं. आमच्या मजल्यावरचे सहापैकी चार फ्लॅट रिकामेच आहेत, लोकांनी नुसते घेऊन ठेवलेत.

शेवटच्या प्रश्नापाशी मात्र पेन थांबलं. तुला वाटेल, एवढं काय आहे त्यात. मग जे खरं आहे तेच लिहिलं. पण कंपनीने ते विचारलं याचंच मला बरं वाटलं. आजपर्यंत मला ते कुणीच विचारलं नव्हतं.

सुजित बरा आहे. घरी बसून जीन्सच्या बटणांचं काम करतो. तू फोन करतेस तेव्हा मी हो-नाही करून ठेवून देते, त्याचा राग मानू नकोस. एकाच खोलीत राहतो आम्ही, सगळं सगळ्यांना ऐकू जातं. शिवाय तू नुसतं 'काय गं' म्हणालीस तरी मला रडू येतं. लिहिलेलं बरं.

उशिराच्या शेऱ्यांबद्दल विचारू नकोस.

किर्ती


अंबरनाथ,
२० जानेवारी

किर्ते,

पेढे आण! बाराव्या नंबरवर का होईना, तू यादीत आहेस. तुझ्या त्या अकरा शेऱ्यांनी तुला जवळजवळ बुडवलंच होतं. पण तुझं फोनवरचं बोलणं चांगलं, चुका सगळ्यांत कमी, आणि शेवटच्या प्रश्नाने तुला तारलं.

तो शेवटचा प्रश्न म्हणजे चाळणी आहे. वरून नियमच आहे, की ज्याला घरात कुणाचं बघावं लागतं त्याला घरून काम द्यायचं नाही. एका कानात ग्राहक आणि दुसऱ्या कानात रडणारं पोर, हे चालत नाही म्हणतात. मलाही ते पटतं. त्या एका प्रश्नाने नऊ जण गळले. तुमच्या ऑफिसातली हर्षदा आहे ना, बदलापूरला माझ्याच हेंद्रेपाड्यात राहते, कामाला तुझ्याहून वरचढ. तिने 'हो' लिहिलं. दोन वर्षांचा मुलगा आहे तिला. काल जिन्यात मला धरून रडली. म्हणाली, 'मॅडम, मी तर खरं लिहिलं, मग मलाच का काढलं?' मी म्हटलं, खरं लिहिलंस म्हणूनच. वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

तू 'नाही' लिहिलंस. बरोबरच आहे म्हणा, घरात दोघंच तुम्ही. सुजितराव धडधाकट माणूस, बटणं लावता लावता तुला चहा करून देतील. आता जरा हस. तुझं मागचं पत्र वाचून मला वाटलं कुणाचं तेरावं आहे की काय.

दहा फेब्रुवारीपासून सुरुवात. लॅपटॉप घ्यायला इकडे ये.

तुझी,
माधवीताई


वांगणी,
२२ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मी ऑफिसच्या बाथरूममध्ये उभी राहून वाचलं. आधी वाटलं, निवड झाली, सुटले. मग खाली वाचलं, आणि परत पहिल्यापासून वाचलं.

मी 'नाही' का लिहिलं माहीत आहे? घरी सांभाळायला कोणी आहे का, असं विचारलंत. मला वाटलं, कंपनी विचारते आहे, घरी आजारी माणूस असलं तर त्याला सांभाळायला दुसरं कोणी आहे का. नाही ना कोणी. दोन वर्षं कोणी नाही. म्हणून 'नाही' लिहिलं. मला वाटलं, हे वाचून त्यांना कळेल की हिला घरीच राहणं भाग आहे, आणि ते मला घेतील.

आता सगळंच सांगते.

सुजित बरा नाही. कारखान्यात माळ्यावरून पडला तेव्हा डोक्याला टाके पडले एवढंच तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर त्याला फिट यायला लागल्या. आधी महिन्यातून एक, आता आठवड्याला दोन, कधी तीन. गोळ्या चालू आहेत, डॉक्टर सारखे बदलून देतात. बटणं तो लावत नाही. सुई हातात द्यायची मला भीती वाटते. गॅसचं बटण मी जाताना काढून पर्समध्ये घालते. बाहेरून कडी लावते आणि कामाला जाते. माझा नवरा छत्तीस वर्षांचा आहे ताई, आणि मी त्याला कोंडून जाते. तोच म्हणतो, लाव कडी, मागच्या वेळेला जिन्यात पडलो होतो. ते अकरा शेरे आहेत ना, त्या अकरा सकाळी मी दाराशी चपला घातलेल्या आणि तो जमिनीवर.

कुणाला सांगितलं नाही कारण पायलचं लग्न ठरलंय, एकोणीस मेला. मुलाकडच्यांना कळलं की भावाला फिट येतात, तर ते म्हणणार घराण्यातच आहे. डोक्याला मार लागून झालंय हे कोण ऐकून घेणार? सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवून वचन घेतलं, लग्न होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. माझ्या आईलाही नाही. म्हणून तुलाही नाही.

आता तू मला यादीतून काढणार. मी ओळखते तुला, तुला खोटं सहन होत नाही. काढू नकोस ताई. मी खोटं लिहिलेलं नाही. प्रश्नच तसा होता.

किर्ती


बदलापूर,
२७ जानेवारी

किर्ती,

हे पत्र घरून लिहिते आहे. आज रजा टाकली.

तुझ्यावर आधी रागावू की आधी रडू ते मला कळत नाही. दोन वर्षं! मी दर रविवारी फोन करून 'सुजितरावांची बटणं काय म्हणतात' असं विचारून हसत होते. तू मला हसू दिलंस. माझी मेलीची जीभ झडो. पण तूसुद्धा कमाल केलीस. मला सांगितलं असतंस तर मी काय पत्रिका छापून मुलाकडच्यांना वाटणार होते?

आणि तो प्रश्न. तुझं पत्र वाचल्यावर मी तो दहा वेळा मोठ्याने म्हणून पाहिला. घरी सांभाळायला कोणी आहे का. मी लिहिताना माझ्या डोक्यात एकच अर्थ होता, की तुम्हाला ज्याला सांभाळावं लागतं असं कोणी आहे का. दुसरा अर्थ मला दिसलाच नाही. मग तशीच उठले आणि हर्षदाच्या घरी गेले. तिची सासू मांडीवर नातवाला घेऊन भरवत होती. मी हर्षदाला विचारलं, तू 'हो' कशाला लिहिलंस? ती म्हणाली, 'मॅडम, सासूबाई आहेत ना सांभाळायला. म्हणून हो.' तिला वाटलं होतं, या उत्तराने तिची निवड पक्की होणार.

म्हणजे जिच्या घरी सांभाळणारं माणूस आहे तिला मी काढलं, आणि जिच्या घरी कोणीच नाही तिला घेतलं. शॉर्ट अँड क्लिअर!

मी साहेबांकडे गेले. तुझं नाव घेतलं नाही. प्रश्न चुकलाय, सगळ्यांना परत विचारावा लागेल, एवढंच सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण मानलं. नवा फॉर्म सोबत आहे. आता प्रश्न असा आहे: 'कामाच्या वेळात तुम्हाला स्वतःला ज्याच्याकडे लक्ष द्यावं लागेल असं आजारी, वयस्कर किंवा लहान कोणी घरात आहे का?' याचा एकच अर्थ होतो. मी चार जणांना वाचायला देऊन खात्री केली.

किर्ते, माझं ऐक. सासूबाईंना बोलावून घे. लग्नाला चार महिने आहेत, लेकाकडे चार दिवस राहायला आल्या म्हणून जगात कुणाला संशय येत नाही. त्या आल्या की तूही हर्षदासारखीच. मग 'नाही' लिहिलंस तरी ते खरंच असेल. त्या येणार नसतील तर काय लिहायचं ते तू ठरव. मी तुझा फॉर्म आधी उघडून बघणार नाही.

तुझी,
ताई


वांगणी,
३० जानेवारी

ताई,

सासूबाई येतायत. मी फोन केला, त्या लगेच हो म्हणाल्या. रविवारी येतील. फॉर्म भरून दिला आहे. आता काळजी करू नकोस.

किर्ती


अंबरनाथ,
१८ फेब्रुवारी

प्रिय किर्ती,

काम सुरू होऊन आठवडा झाला आणि तुझं एक अक्षर नाही. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुझं नाव हिरवं दिसतं, म्हणजे तू फोनवर आहेस. सकाळी नऊला मी पहिलं तेच बघते.

हर्षदाही आली यादीत. नव्या फॉर्मनंतर चार नावं बदलली. जे गेले त्यांनी मला बोल लावले, ते मी ऐकून घेतले. चूक माझीच होती.

सासूबाई आल्या हे वाचून मी देवापुढे दिवा लावला, तुझ्या भाओजींनी कारण विचारलं तर म्हटलं, असाच. कशा आहेत त्या? गावाकडच्या माणसाला त्या चौथ्या मजल्यावर करमतं का? सुजितरावांचं कसं आहे? मोकळेपणाने लिही. आता माझ्यापासून लपवण्यासारखं काही उरलेलं नाही.

एक काम कर. हेडफोनचा माईक तोंडाजवळ ठेव, लांब धरलास तर खोलीतलं सगळं ऐकू येतं. हे मी सगळ्यांना सांगते आहे, तुला एकटीला नाही.

तुझी,
माधवीताई


वांगणी,
२४ फेब्रुवारी

माधवीताई,

सासूबाई मजेत आहेत. करमतं त्यांना. सुजितही बरा आहे.

काम छान चाललंय. रोज साठ-पासष्ट फोन होतात. इथे बसून कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं नीट बसवून दिलं की बरं वाटतं, आपण कुणाचं तरी काम केलं असं. जेवायला अर्धा तास मिळतो त्यात भात टाकते, सुजितला वाढते, आणि आपलं उभ्यानेच उरकते. त्याला औषधाने दुपारी झोप लागते ते एक बरं आहे.

पायलच्या लग्नाला यायचं हं तुम्ही. नक्की.

किर्ती


अंबरनाथ,
१२ मार्च

किर्ती,

घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचे महिन्याला पाच फोन ऐकून गुण द्यायचे, हे माझं काम आहे. आज तुझे ऐकले.

चार चांगले आहेत. पाचवा सहा मार्चचा आहे, गुरुवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांचा. नाशिकच्या बाई आहेत, मिक्सर चालू होत नाही म्हणून चिडलेल्या. तू त्यांना भांडं काढून परत बसवायला सांगतेस. तेवढ्यात मागे काहीतरी पडल्याचा आवाज येतो, जड. मग लादीवर टाचा आपटल्यासारखा आवाज येत राहतो. आणि तू म्हणतेस, 'मॅडम, भांड्याच्या खालची खाच बघा, ती डावीकडे यायला हवी.' टाचा वाजतायत. तू म्हणतेस, 'घाई नाही मॅडम, मी लाईनवर आहे.' शेवटी त्या बाई खुश होऊन तुला आशीर्वाद देतात. तुझा आवाज एकदाही हलत नाही.

मी तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकताना तोंडात पदराचा बोळा घातला, बाहेर माणसं बसली होती.

सासूबाई कुठे होत्या? सासूबाईंचा आवाज का नाही? मी दुपारी गावाकडे फोन लावला, लग्नात साडी कोणती घ्यायची हे विचारायचं निमित्त करून. त्यांनीच उचलला. वांगणीला कधी आलात म्हटलं, तर म्हणाल्या, 'दिवालीपासून वांगनीला पाय नाय ठेवला गो माये. कधी येऊ? हितं लग्नाचा पसारा.'

तू उठली का नाहीस किर्ती? फोन आपटून का नाही दिलास? एका मिक्सरसाठी? नवरा जमिनीवर तडफडतोय आणि तू खाच डावीकडे की उजवीकडे सांगतेस? मी तुला लहानपणापासून ओळखते, मांजराच्या पायाला लागलं तरी तू जेवायची नाहीस.

मला शनिवारी तक्ता द्यायचा आहे. त्यात एक रकाना आहे, 'मागचा आवाज.' त्यात मी काय लिहू, ते मला सांग.

माधवी


वांगणी,
१३ मार्च

ताई,

सासूबाईंना मी बोलावलं होतं. त्या येत नाही म्हणाल्या. व्याही कधीही गावाला येतात, मी लेकाकडे का जाऊन राहिले हे विचारतील, म्हणाल्या. मी फोनवर त्यांच्या विनवण्या केल्या. त्यांचंही चूक नाही, त्यांना मुलीचं बघायचं आहे. मग फॉर्म समोर घेऊन बसले आणि 'नाही' लिहिलं. या वेळी खोटं लिहिलं, समजून उमजून लिहिलं.

उठली का नाहीस म्हणून विचारतेस. मी फोन तोडला तर तोडल्याची खूण पडते. महिन्यात तीन खुणा पडल्या की महापे. दोन आधीच पडल्या होत्या. पहिल्या दोन वेळेला मी उठलेच होते ताई.

आणि उठून तरी काय करायचं असतं? डॉक्टरांनी मला शिकवलंय. दाबून धरायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, आजूबाजूचं लागेल ते सरकवायचं, थांबली की कुशीवर वळवायचं आणि किती वेळ चालली ते बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली तर हॉस्पिटल. आमच्याकडे सरकवण्यासारखं काही ठेवलेलंच नाही, खाली सगळीकडे गाद्या घातल्यात, त्या दिवशी तो नेमका गादीच्या बाहेर पडला. लॅपटॉपवर फोन किती वेळ चालला ते आकड्यात दिसत असतं. एका डोळ्याने मी ते आकडे बघत होते, एका डोळ्याने त्याला. दोन मिनिटं दहा सेकंद. चार मिनिटं झाली असती तर मी फोनही टाकला असता आणि नोकरीही. हे मी ठरवून ठेवलं होतं. त्या बाईंचा फोन संपला तशी मी जाऊन त्याला वळवलं, तोंड पुसलं, आणि पुढचा फोन घेतला.

तुला हे भयंकर वाटतंय. मला माहीत आहे. पण कॅम्प तीनला जायचे तेव्हा काय व्हायचं, ते तू ऐकलेलं नाहीस, कारण ते कुठे रेकॉर्ड होत नव्हतं. मी संध्याकाळी कडी काढायचे तेव्हा तो कधी भिंतीला टेकून बसलेला असायचा, शर्टावर सुकलेलं रक्त, जीभ चावलेली. कधी आली, किती वेळ चालली, त्यालाही आठवायचं नाही. एकदा तो मला म्हणाला, 'किर्ती, मी शुद्धीवर येतो तेव्हा खोलीत कोणी नसतं ना, तेव्हा मला वाटतं मी मेलोय.' आता तो डोळे उघडतो तेव्हा मी समोर असते. कानाला हेडफोन लावलेली का होईना, असते. तो माझ्याकडे बघतो, मी हात वर करते, मग तो परत डोळे मिटतो. आमच्या दोघांसाठी घरून काम म्हणजे एवढंच आहे ताई, आणि मला ते सोडायचं नाही.

गुण कितीही कापून घे. त्या रकान्यात मात्र काही लिहू नकोस. तुझ्या पाया पडते.

किर्ती


अंबरनाथ,
१ एप्रिल

किर्ती,

पंधरा दिवस तुला लिहायला हात धजला नाही.

मी शनिवारी तक्ता दिला. 'मागचा आवाज' या रकान्यात 'नाही' लिहिलं. पेन टेकवताना वाटलं, हा हात माझा नव्हे. आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी कधी लिहिलेलं नाही, शाळेच्या रजेच्या अर्जातसुद्धा नाही. आणि एकदा खोटंच लिहायचं म्हटल्यावर मी हात आखडता घेतला नाही. कुणाला शंका येऊ नये म्हणून त्या फोनला सगळे गुण दिले. पन्नासपैकी पन्नास. तिथेच माझं चुकलं.

दुसरी तुकडी निवडली गेलीय. महाप्याच्या ऑफिसातल्या अजून वीस जणांना घरून काम देणार आहेत. त्यांच्या शिकवणीसाठी यज्ञेश सरांनी महिन्यातला सगळ्यात जास्त गुणांचा फोन काढला. तो तुझा निघाला. तो त्यांनी हेडफोन लावून ऐकला, आणि बाहेर येऊन म्हणाले, 'माधवी मॅडम, ही मुलगी कमाल आहे. कस्टमर एवढी ओरडतेय आणि हिचा आवाज बघा! हाच ऐकवायचा सगळ्यांना.' मागे काय वाजतंय हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मला वाटतं, त्यांना ते ऐकूच आलं नाही.

काल पहिल्या दहा जणांना ऐकवला. बटण मलाच दाबायला लावलं. सर एकेक वाक्य थांबवून समजावत होते, इथे ती कशी थांबली, इथे ती कशी 'घाई नाही' म्हणाली. ती माणसं वहीत उतरवून घेत होती. मदतीला म्हणून हर्षदाला बोलावलं होतं, तिने मान वर केली. म्हणाली, 'मॅडम, मागे काय आपटतंय?' दहा जण माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये लादीचं काम चाललंय. हर्षदाने परत मान खाली घातली. तिला लहान मूल आहे, तिला पटलेलं नाही.

तुझी नोकरी पक्की झाली किर्ती. वर्षभर तुला कुणी हात लावणार नाही, साहेबांनी तसं लिहून दिलंय. तुला जे हवं होतं ते मिळालं. मी तुला वाचवलं की सुजितरावांना त्या लादीवर सोडून दिलं, हे मला कुणीतरी सांगा.

उरलेल्या दहा जणांना गुरुवारी ऐकवायचा आहे. माझ्याच्याने तो आता परत ऐकवणार नाही. मी गुरुवारची रजा टाकली आहे. सकाळी आठला तुझ्याकडे येते. तू फोन घेत बस, मी सुजितरावांजवळ बसते. एका दिवसाने काही सुटत नाही हे मलाही कळतं. पुढच्या गुरुवारचं पुढच्या गुरुवारी बघू.

पण मला भीती वाटते गं, मी असं कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फिट आली तर मी नेमकं काय करायचं, ते एका कागदावर लिहून ठेव. मोठ्या अक्षरात लिही.

ताई